नाण्याचा पाठ आणि नाण्याचा संदर्भ

इटालियन कवी पेत्रार्क याने इ. स. १३५४मध्ये सम्राट चौथ्या चार्ल्सची भेट घेतली, तेव्हा आपल्या संग्रहातील काही रोमन नाणी त्याला नजर केली. या नाण्यांवर ज्यांच्या मुद्रा आहेत त्यांचे चरित्र तुम्ही गिरवावे, अशी अपेक्षाही त्याने व्यक्त केली. कवीच्या लेखी नाणे ही वाचावयाची वस्तू होती. आज अंधेरीत किंवा मुलुंडला राहणारा एखादा संग्राहक रात्री जागून, संगणकासमोर बसून, युरोपातल्या लिलावात हेड्रियनच्या दिनारावर बोली लावतो, तेव्हा तोही वाचकच असतो. प्रश्न एवढाच की तो नेमके काय वाचत असतो?

लिलावाच्या यादीत नाण्याविषयी पुष्कळ माहिती असते. धातू, वजन, व्यास, राजाचे नाव, टांकसाळ, दुर्मिळता, झीज किती झाली आहे याचा दर्जा, सारे काही असते. पूर्वी ते कोणाच्या संग्रहात होते हेही कधीकधी सांगितलेले असते. बहुधा नसते ते एकच: हे नाणे कोणत्या गावी, कोणत्या भांड्यात, कोणत्या नाण्यांच्या सोबतीने सापडले. साहित्याच्या अभ्यासकाला ही उणीव चटकन जाणवायला हवी. पोथीतले एक पान फाडून, सोनेरी चौकटीत बसवून विकायला ठेवावे आणि पोथी कोणती, पान कितवे, हे मात्र विचारू नये, असा हा व्यवहार आहे. अक्षर सुंदर असेल, शाईही टिकलेली असेल. पण पाठचिकित्सा करायची कशाच्या आधारावर?

संदर्भासह सापडलेले नाणे काय सांगू शकते, याचे आपल्याकडचे सर्वोत्तम उदाहरण नाशिकजवळच्या जोगलटेंभीचे आहे. तेथे १९०६मध्ये क्षत्रप नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली मुद्रा पुन्हा ठोकलेली होती. नाशिकच्या लेण्यातील लेखात गौतमीपुत्राने क्षहरात वंशाचा उच्छेद केल्याचे म्हटले आहे. पण तो लेख म्हणजे मातेने कोरवलेली प्रशस्ती, आणि प्रशस्तीत अतिशयोक्ती गृहीतच धरावी लागते. जोगलटेंभीच्या साठ्याने त्या प्रशस्तीला साक्षीदार मिळाला. यांपैकी एखादेच नाणे बाजारात आले असते, तर एका राजाने दुसऱ्याच्या नाण्यावर ठसा मारला, एवढेच कळले असते. हजारो नाणी एकत्र सापडल्यामुळे जिंकलेल्या प्रदेशाचे चलन नव्या राजाने कसे आपलेसे केले, हे कळले. सुटे नाणे हा शब्द असेल, तर साठा हे वाक्य आहे. अर्थ वाक्यात असतो.

बाजाराची मूल्यदृष्टी आणि अभ्यासकाची मूल्यदृष्टी यांतील अंतर रोमन नाण्यांच्या बाबतीत अधिकच ठळक होते. तमिळनाडूतील पुदुकोट्टई येथे १८९८मध्ये सुमारे ५०० रोमन सुवर्णनाणी मिळाली. त्यांतील बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावर छिन्नीने आडवा घाव घातलेला आहे. तो का घातला, याविषयी मतभेद आहेत: परकीय नाणे चलनातून बाद करण्यासाठी, की सोने शुद्ध आहे का हे पाहण्यासाठी? बाजाराच्या भाषेत हा घाव म्हणजे दोष. त्याने किंमत उतरते. वस्तुतः तो घाव हीच या नाण्यांची भारतीय ओळ आहे. रोममध्ये लिहिलेल्या मजकुरावर इथल्या वाचकाने काढलेली ती समासातली टीप आहे. पण अशी घाव पडलेली सुटी नाणी गावाच्या नावाविना विकली गेली, तर कोणत्या भागात, कोणत्या काळात ही रीत होती, हा प्रश्न विचारण्याची सोयच उरत नाही.

मुंबईच्या उपनगरांना हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरीच्या लेण्यांत यज्ञश्री सातकर्णीच्या सोळाव्या राज्यवर्षातील एक लेख आहे. कल्याणच्या एका उपासकाने लेणे दिले, संघाकडे २०० कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे कायम ठेव, ठेवली आणि मंगलठाण गावातील शेत दिले, असे त्यात नोंदले आहे. हे मंगलठाण म्हणजे आजचे मागाठाणे. आता ते मेट्रोच्या स्थानकाचे नाव आहे. याच यज्ञश्रीचे चांदीचे एक नाणे पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२मध्ये सोपाऱ्याच्या स्तूपात, अस्थिकरंडकासह मिळाले. त्याच ठिकाणच्या आठ ब्राँझ मूर्ती मात्र शैलीवरून कित्येक शतके नंतरच्या ठरतात. मग स्तूप कधीचा, करंडक पुन्हा उघडला गेला होता का, असे वाद निर्माण झाले. हे वाद शक्य झाले ते नाणे कोठे आणि कशासोबत मिळाले हे लिहून ठेवल्यामुळेच. यज्ञश्रीचे तसेच नाणे आज लिलावात आले, तर त्याच्याविषयी वाद होऊ शकतो तो फक्त किमतीचा.

याचा अर्थ संग्राहक हा विद्येचा शत्रू, असा मात्र नाही. मूस आणि संग्रह यांत निवड करायची झाली, तर संग्रह केव्हाही श्रेयस्कर. सोनाराच्या मुशीत किती इतिहास वितळला याची गणती नाही. धाराशिव जिल्ह्यातील तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांचे उदाहरण या संदर्भात महत्त्वाचे आहे. आपल्याच गावच्या मातीतून वर येणाऱ्या वस्तू त्यांनी जमवल्या आणि तो संग्रह पुढे शासकीय संग्रहालय झाला. रोमन नाण्यांवरून मातीत घडवलेल्या, गळ्यात घालण्याच्या नकलाही तेरला मिळाल्या आहेत. परकीय नाणे दागिन्यात ओवण्याची हौस आपल्याकडे पुतळ्यांच्या माळेपर्यंत चालत आलेली आहे, हे लक्षात घेतले की त्या मातीच्या नकलांचे महत्त्व कळते. लामतुरे यांच्या संग्रहाला वस्तूंइतकीच त्या गावाचीही किंमत आहे.

कायदा आपल्याकडे आहेच. १८७८च्या निधीविषयक कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, आणि १९७२च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुनी नाणी खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. पण लिलाव जगभर चालतो, आणि बाल्कन देशांत वा सीरियात धातुशोधक यंत्राने खणलेले नाणे कोणत्या वाटेने यादीत आले, हे घाटकोपरच्या खरेदीदाराला कायदा सांगणार नाही. ते त्यालाच विचारावे लागेल. ज्या नाण्याचा जुना माग लेखी मिळत नाही ते घेऊ नये. जे घेतले त्याचा माग जपून ठेवावा. आणि संग्रहाची छायाचित्रांसह नोंद अभ्यासकांना खुली करावी. या तीन गोष्टींनी संग्रह थोडा लहान राहील, क्वचित महागही पडेल.

साहित्याच्या वर्गात आपण विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी विचारतो: हा उतारा कुठून घेतला? उत्तर आले नाही, तर कितीही सुंदर उताऱ्याला आपण गुण देत नाही. दोन हजार वर्षांच्या मजकुराला हाच प्रश्न विचारायला हवा, आणि तो बोली लावण्यापूर्वी.