घरकुल कोणत्या हद्दीत?

पवनार म्हटले की बाहेरच्या माणसाला धाम नदी आणि विनोबांचा आश्रम आठवतो. आपल्या वस्तीतल्या बाईला विचारा, तिला आधी घराचे छप्पर आठवते. मृग तोंडावर आला की कवेलू फेरायचे, ताडपत्री आणायची, ओल धरलेल्या भिंतीला शेणामातीने लिंपायचे. दरवर्षी तोच खर्च आणि तेच हाल. मग कोणी सांगते, घरकुलाचा अर्ज भरा. अर्ज भरला जातो आणि पुढे दोन दोन, तीन तीन वर्षे ‘तुमचे नाव यादीत आहे’ एवढेच उत्तर मिळत राहते. हा पैसा येतो कुठून, कोणत्या कचेरीतून कोणत्या कचेरीत जातो आणि कुठे अडतो, हे आपल्या माणसांना कोणी नीट समजावून सांगत नाही. म्हणून या वेळी आम्ही त्याबद्दलच लिहीत आहोत.

पवनार हे नागपूर रस्त्यावरचे, वर्धा शहराला अगदी जवळचे गाव. इथला गवंडी, रेजा, हमाल, धुणीभांडी करणारी बाई, यांच्यापैकी कित्येकजण सकाळी शहरात जातात आणि संध्याकाळी गावी परततात. कमाई शहराच्या हद्दीत, झोप गावाच्या हद्दीत. सिमेंटची गोणी आणि लोखंडाची सळई दोन्हीकडे जवळपास एकाच भावाने मिळते. पण घर बांधायला सरकार जे पैसे देते, ते मात्र हद्द पाहून देते.

आकडेच पाहा. २०१६ साली प्रधानमंत्री आवास योजनेचा ग्रामीण भाग सुरू झाला, तेव्हा सपाट प्रदेशातल्या घराला १ लाख २० हजार रुपये ठरले. त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के. घर किमान २५ चौरस मीटरचे हवे. शौचालयाचे १२ हजार आणि रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी त्याला वेगळी जोडलेली होती. शहरी भागाची योजना त्याआधी, जून २०१५ मध्ये आली. तिच्यात स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि महाराष्ट्र सरकारचा एक लाख, असे अडीच लाख मिळत. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी राज्याने २००८ साली काढलेल्या रमाई आवास योजनेतही पुढे हाच फरक राहिला : ग्रामीण भागात १ लाख ३२ हजार, शहरी भागात २ लाख ५० हजार. २०२५ साली राज्याने प्रधानमंत्री योजनेच्या ग्रामीण घरकुलाला आणखी ५० हजारांची भर घालायचे ठरवले, म्हणून अंतर थोडे कमी झाले. तरी ते अंतर आहेच.

असे का, याचे उत्तर घटनेच्या दुरुस्त्यांत सापडते. १९९२ साली संसदेने ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती मंजूर केली आणि १९९३ मध्ये त्या अमलात आल्या. पहिली ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेची, दुसरी नगर परिषद आणि महानगरपालिकेची. ग्रामीण घरबांधणी अकराव्या परिशिष्टात गेली. झोपडपट्टी सुधारणा, नगररचना, शहरी गरिबी निवारण हे विषय बाराव्या परिशिष्टात गेले. त्यामुळे पेट्या दोन झाल्या आणि किल्ल्याही दोन. गावची यादी ग्रामसभेतून पंचायत समितीकडे आणि तिथून जिल्हा परिषदेकडे जाते. शहराची यादी नगर परिषदेतून वर जाते. मधल्या माणसाला दोन्ही दारे परकी वाटतात.

पण ज्यांनी ही दुरुस्ती केली त्यांना ही अडचण ठाऊक होती. म्हणून घटनेच्या २४३ झेड-डी या कलमात जिल्हा नियोजन समिती घातली आहे. पंचायतींनी आणि नगर परिषदांनी केलेले आराखडे एकत्र करून साऱ्या जिल्ह्याचा एक आराखडा तयार करायचा, हे तिचे काम. गाव आणि शहर यांच्या सामाईक गोष्टी, म्हणजे जागेचे नियोजन, पाणी, रस्ते, तिने एकत्र पाहायच्या. तिचे किमान चार पंचमांश सभासद जिल्हा परिषद आणि नगर परिषदांच्या निवडून आलेल्या सभासदांनी आपल्यातूनच निवडायचे, आणि तेही ग्रामीण व शहरी लोकसंख्येच्या प्रमाणात. महाराष्ट्राने यासाठी १९९८ साली वेगळा कायदा केला. पालकमंत्री अध्यक्ष असतात, जिल्हाधिकारी सचिवाचे काम पाहतात. जिल्हा वार्षिक योजनेत अनुसूचित जातींसाठी जो वेगळा निधी असतो, तो याच समितीपुढे येतो. वस्तीतला रस्ता, नाली, समाजमंदिर यांचा पैसा बहुतेक त्यातूनच निघतो.

आता हे लक्षात घ्या. २०२२ साली राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची आणि नगर परिषदांची मुदत संपली. आरक्षणाच्या वादात निवडणुका रखडल्या आणि कारभार प्रशासकांच्या हाती गेला. नगर परिषदांच्या निवडणुका थेट डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या. मधल्या साडेतीन-चार वर्षांत नियोजन समितीत लोकांनी निवडलेले सभासद बसवायचे कुठून? ज्या टेबलावर गाव आणि शहर समोरासमोर बसायचे, त्याच्या खुर्च्याच रिकाम्या होत्या. साहेब लोक काम करतात, नाही म्हणत नाही. पण आपल्या वस्तीची नाली तुंबली हे त्यांना कोण सांगणार? सभासद असता तर त्याच्या दारात जाऊन दहा बायका बसल्या असत्या.

गावाच्या हाती सत्ता दिली म्हणजे सगळे भले होईल, असे मात्र आम्ही मानत नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना बाबासाहेबांनी खेड्याच्या गोडव्यांवर सडकून टीका केली होती आणि घटनेचा पाया खेडे नसून व्यक्ती आहे हे समाधानाने सांगितले होते. ज्या गावात आपली वस्ती शिवेबाहेर होती, तिथे घरकुलाची यादी कोण करतो आणि कोणासमोर करतो, हा प्रश्न लहान नाही. यादी चावडीवर चार जणांत ठरली तर एक होते आणि भरल्या ग्रामसभेत मोठ्याने वाचली गेली तर दुसरे होते. कायद्याने यादीला ग्रामसभा लागते ती याचसाठी.

हद्द बदलली की काय होते, तेही आपल्याच जिल्ह्यात पाहायला मिळाले. २०१४ साली राज्य सरकारने तालुक्याच्या गावच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायतीचा दर्जा द्यायचे ठरवले. त्यातून सेलू, समुद्रपूर, कारंजा आणि आष्टी इथे नगरपंचायती आल्या. अशा बदलात ग्रामीण यादीत नाव असलेल्या कुटुंबाला शहरी योजनेत पुन्हा पहिल्यापासून अर्ज करावा लागतो. रक्कम वाढते खरी, पण रांगेतला नंबर जातो. वर्धा शहराला चिकटलेल्या पिपरी (मेघे), सिंदी (मेघे), बोरगाव (मेघे), नालवाडी या गावांत वर्षानुवर्षे शहरासारखी घरे उठत गेली आणि कारभार ग्रामपंचायतीचा राहिला. तिथे पाण्याचा प्रश्न एकेका गावाला सुटेना, तेव्हा पिपरी (मेघे) आणि आसपासच्या गावांसाठी मिळून एकच नळयोजना करावी लागली. पाण्यासाठी गावे एकत्र येऊ शकतात, तर घरांच्या जागेसाठी का नाही? नगर परिषदेकडे पैसा आहे आणि जागा नाही. शेजारच्या गावाकडे गायरान आहे आणि पैसा तोकडा. दोघांनी एकत्र बसून ठराव केला तर शंभर कुटुंबांची सोय लागू शकते.

परदेशात हे घडले आहे. फ्रान्समध्ये लहान लहान नगरपालिका मिळून संघ करतात आणि घरांचा आराखडा एकत्र आखतात. तिथे २००० साली कायदा झाला की मोठ्या शहरांच्या परिसरातल्या नगरपालिकांनी आपल्या हद्दीतली २० टक्के घरे गरिबांना परवडतील अशा भाड्याची ठेवलीच पाहिजेत. २०१३ मध्ये हे प्रमाण बऱ्याच ठिकाणी २५ टक्के केले गेले. जी नगरपालिका टाळाटाळ करते तिला दंड बसतो. श्रीमंत वस्तीने ‘गरिबांची घरे तुमच्याकडेच बांधा’ म्हणायची सोय तिथे कायद्याने ठेवली नाही. टाळणारे तिथेही आहेत, पण त्यांना टाळण्याची किंमत मोजावी लागते.

आता घरातल्या गोष्टीकडे येऊ. समजा, एका कुटुंबाने शहराच्या कडेला स्टँपपेपरवर लिहून प्लॉट घेतला. आयुष्यभराची पुंजी गेली. जागा अकृषक नाही, खरेदीखत नाही, नमुना आठवर नाव चढत नाही. मग घरकुल मंजूर होऊनही हप्ता निघत नाही, कारण जागा कोणाची हेच ठरत नाही. नगर परिषद म्हणते, ही जागा आमच्या हद्दीबाहेर आहे. ग्रामपंचायत म्हणते, ले-आऊट मंजूर नाही. नवरा रोज बुडवून दोन्हीकडे चकरा मारतो आणि बायको ताडपत्रीखाली चूल पेटवते. म्हणून आमचे कळकळीचे सांगणे आहे, की पैसे देण्याआधी सातबारा पाहा, अकृषक आदेश पाहा आणि खरेदी दुय्यम निबंधकाकडे नोंदवूनच करा.

जागाच नाही अशा ग्रामीण कुटुंबासाठी २०१५ पासून पंडित दीनदयाल उपाध्याय जागा खरेदी योजना आहे. तिच्यात आधी ५० हजारांपर्यंत मदत मिळे, २०२४ साली ती एक लाखापर्यंत वाढवली गेली. सरकारी जागेवर १ जानेवारी २०११ पूर्वीपासून राहणाऱ्यांची घरे नियमानुकूल करण्याचा निर्णय राज्याने २०१८ साली घेतला. त्यासाठी जुनी घरपट्टीची पावती, वीजबिल, मतदार यादीतले नाव हे कागद सोन्यासारखे आहेत. ते पत्र्याच्या पेटीत जपून ठेवा. वाळूसाठीही तरतूद आहे : २०२५ च्या वाळू धोरणात घरकुल बांधणाऱ्याला ५ ब्रासपर्यंत वाळू मोफत देण्याचे ठरले आहे. तहसील कचेरीत तिची मागणी लेखी करा.

जातीच्या दाखल्याबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती झाली आणि बौद्धांना केंद्राच्या सवलतीही मिळू लागल्या. पण केंद्राच्या योजनेला केंद्राच्या नमुन्यातला दाखला मागतात. फक्त राज्याचा दाखला जोडला आणि अर्ज परत आला, असे होऊ देऊ नका. दोन्ही दाखले आधीच काढून ठेवा.

भगिनींनो, तुमच्यासाठी दोन गोष्टी. पहिली, घरकुल बायकोच्या नावाने किंवा दोघांच्या नावाने द्यायचे, असे प्रधानमंत्री योजनेचे नियमच सांगतात. ‘कागदावर कोणाचेही नाव असले तरी काय’ असे म्हणू नका. उद्या काही बरेवाईट झाले, तर त्या कागदावरच्या नावामुळेच तुम्हाला आणि लेकरांना कोणी बाहेर काढू शकणार नाही. दुसरी, ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी असे कायदाच सांगतो. तिला जा. वस्तीतल्या दहा जणी मिळून जा. यादी वाचायला लावा. ज्याचे पक्के घर आहे त्याचे नाव यादीत असेल तर विचारा आणि विधवा बाईचे नाव सुटले असेल तर लिहून घ्यायला लावा. इतिवृत्तात नोंद झाली का, ते बघूनच उठा.

हप्ता अडला तर तोंडी विचारून थांबू नका. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. महिनाभरात उत्तर नाही आले, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांचा तिकीट लावलेला अर्ज करा. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तो खर्चही नाही. विचारायचे तीन प्रश्न पुरेत : माझ्या घरकुलाचा प्रस्ताव आज कोणत्या कचेरीत आहे, तिथे कोणत्या तारखेला आला आणि कशासाठी थांबला आहे.

नवे नगरसेवक निवडून आले आहेत. मत मागायला ते शहरातल्या आपल्या वस्त्यांत आले होते, आता आपण त्यांच्याकडे जाऊ या. पवनारच्या लोकांनी आपल्या ग्रामपंचायत सदस्याला आणि शहरातल्या नातेवाइकांनी आपल्या नगरसेवकाला एकच प्रश्न विचारावा : नियोजन समितीच्या पुढच्या बैठकीत आमच्या घरांच्या जागेचा विषय तुम्ही मांडणार का? दोन्हीकडून एकच प्रश्न गेला, तर दोघांना एकमेकांकडे बोट दाखवता येणार नाही.