कोरा रकाना

परीक्षेच्या पत्रकांत गैरहजर मुलापुढें शून्य मांडूं नये, हें प्रत्येक शिक्षक जाणतो. शून्य म्हणजे मूल परीक्षेस बसलें व त्यास कांहींहि आलें नाहीं. कोरी जागा म्हणजे त्यास काय येतें हें आपणांसच ठाऊक नाहीं. आतां शाळांचीं पत्रकें संगणकाच्या स्वाधीन झालीं आहेत. तेथेंहि हा भेद तितक्याच काळजीनें पाळला पाहिजे, असें आमचें मत आहे.

संगणकाच्या कोष्टकांतील कोऱ्या जागेस 'नल' म्हणतात. अशा कोष्टकांच्या शास्त्राचा पाया १९७० सालीं घालणारे एडगर कॉड यांनीं १९७९ च्या निबंधांत 'होय' व 'नाहीं' यांच्या जोडीस 'माहीत नाहीं' हें तिसरें उत्तर मानिलें. एस्क्यूएल ही विचारणेची भाषा त्याच वाटेनें जाते. 'नल बरोबर नल काय?' असें विचारल्यास ती होय म्हणत नाहीं, नाहींहि म्हणत नाहीं. दोन बंद पेट्यांत एकच वस्तु आहे, हें न उघडतां कोणी सांगावें? येथवर सर्व योग्यच आहे. परंतु अटीचें उत्तर 'माहीत नाहीं' आलें कीं ती ओळ निकालांतून मुकाट्यानें गळते, आणि गळल्याची वर्दी कोणी देत नाहीं.

आपल्याकडे मुलाचें नांव, वडिलांचें नांव व आडनांव असा रिवाज आहे. (१ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नांवांत आईचेंहि नांव घालण्याचें महाराष्ट्र शासनानें ठरविलें, हें उत्तम झालें.) पण वसतिगृहांतील एखाद्या मुलाच्या वडिलांचें नांव कोणासच ठाऊक नसतें. शाळेचें जनरल रजिस्टर व शिष्यवृत्तीची यादी या तीन रकान्यांवरून ताडून पाहिल्यास, बाकी सर्व अक्षरन् अक्षर जुळत असतांहि तें मूल जुळत नाहीं. ज्याचें छत्र हरपलें तेंच यादींतून गळतें!

गळलेलीं मुलें शोधावीं म्हणून 'या यादींत नसलेले क्रमांक द्या' असें 'नॉट इन'नें विचारावें, तर यादींत एकच क्रमांक कोरा असला तरी उत्तर रितें येतें. जणूं कोणी राहिलेंच नाहीं. तो कोरा क्रमांक याच मुलाचा नसेल, अशी ग्वाही ती भाषा कशी देणार? तेथें 'नॉट एक्झिस्ट्स' वापरावें.

कोऱ्यास कोरा समान मानणारी तुलनाहि आहे. तिला 'इज नॉट डिस्टिंक्ट फ्रॉम' म्हणतात. कालची व आजची एकच नोंद बदलली काय, हें पाहण्यास ती निर्धोक होय. मात्र माणूस ओळखण्यास तिच्यावर विसंबूं नये. एकाच नांवाआडनांवाचीं दोन पोरकीं मुलें तिच्या लेखीं एकच ठरतील, व एकाची शिष्यवृत्ति दुसऱ्याच्या नांवें जाईल. म्हणून दोन्ही याद्यांत रजिस्टराचा क्रमांक हवाच.

जुन्या दाखल्यांत औरंगाबाद व २०२३ नंतरच्यांत छत्रपती संभाजीनगर लिहिलेलें असतें. हें एकच शहर, असें कोष्टकास एकदां सांगून ठेवतां येतें. कोऱ्या जागेविषयीं असें कांहीं सांगतां येत नाहीं. 'इज नल'नें तेवढ्याच ओळी प्रथम वेगळ्या काढाव्या, आणि ती यादी हातीं घेऊन कोणी तरी वसतिगृहांत जावें.