डॉक्टर, तुम्ही टोचून घेतलंत का?

आमच्या नात्यात तीन डॉक्टर आहेत, एक मावसबहीण स्टाफ नर्स आहे, आणि ही सगळी मंडळी इथे अधूनमधून डोकावतात. म्हणजे पुढच्या लग्नात मला पंक्तीत कोणी शेजारी बसवून घेणार नाही. असो.

विषय फ्लूच्या लशीचा. आजीला, मधुमेही काकांना, गरोदर वहिनीला "पावसाळ्याआधी घेऊन टाका" असं बजावणारी ही मंडळी स्वतः मात्र ती घेत नाहीत. विचारलं की उत्तरं ठरलेली. "मला कधी फ्लू होतच नाही." "इतकी वर्षं वॉर्डात काढली, इम्युनिटी आहे." "लस घेतली की फ्लू होतो." हे शेवटचं एखाद्या एमबीबीएसच्या तोंडून ऐकलं की हसावं की रडावं कळत नाही! इंजेक्शनच्या लशीतला विषाणू निष्क्रिय केलेला असतो, त्याने फ्लू होत नाही. दंड दुखतो, एखादा दिवस कणकण वाटते, बस्स. आणि विषाणू सारखा रूप बदलतो म्हणून तर जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लशीत काय घालायचं ते नव्याने ठरवते. जुन्या इम्युनिटीचं कौतुक किती दिवस पुरणार?

पुण्यात तरी हे सांगावं लागू नये. देशातला स्वाइन फ्लूचा पहिला बळी ऑगस्ट २००९ मध्ये इथेच गेला. २०१० मध्ये केंद्र सरकारने खास आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी परदेशातून १५ लाख डोस आणले, तेव्हाही अनेकांनी दंड पुढे केला नाही.

याला अज्ञान म्हणून मोकळं होता येत नाही. हीच माणसं हेपटायटिस बी चे तीन डोस निमूट घेतात, कारण सुई टोचली तर धोका स्वतःला असतो. फ्लूचा धोका असतो १२ नंबरच्या खाटेवरच्या आजोबांना. शिंका सुरू व्हायच्या आदल्या दिवशीपासूनच माणूस विषाणू पसरवू शकतो, त्यामुळे "आजारी पडलो तर घरी बसेन" यालाही फारसा अर्थ नाही.

माझा एक डॉक्टर भाऊ म्हणतो, "चांगल्या वर्षीसुद्धा ही लस ४० ते ६० टक्केच काम करते, आणि कर्मचाऱ्यांनी घेतल्याने रुग्ण किती वाचतात याचे पुरावे वादग्रस्त आहेत." दोन्ही खरं आहे. पण अरे दादा, आजीला चिठ्ठी लिहून देतोस तेव्हा ही टक्केवारी कुठे जाते?

खरा राग मात्र रुग्णालयांवर. मावसबहिणीच्या रुग्णालयात लस मिळते ती ओपीडीत, सकाळी ११ ते १, आणि पैसे भरून. रात्रपाळी करून आलेल्या नर्सने झोपमोड करून यायचं. कणकण आली तर रजा कापणार. आया, वॉर्डबॉय, सफाईवाले तर कंत्राटी, त्यांचं नावच यादीत नाही. रुग्णाचं तोंड पुसतं कोण, चादर बदलतं कोण? आणि मग जिन्यात पोस्टर लावायचं, "लस घ्या, सुरक्षित राहा".

सक्ती करावी का? अमेरिकेत सिएटलच्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयाने २००५ मध्ये ती केली. निम्म्याच्या आसपास अडकलेलं प्रमाण ९७ टक्क्यांवर गेलं. परिचारिकांची संघटना कोर्टात गेली आणि सक्तीतून सुटलीही. इंग्लंडमध्ये सक्ती नव्हती, तरी कोविडच्या काळात, २०२०-२१ मध्ये, थेट रुग्णसेवेतल्या जवळजवळ ७७ टक्के कर्मचाऱ्यांनी फ्लूची लस घेतली. २०२३-२४ पर्यंत ते प्रमाण ४३ टक्क्यांच्या आसपास घसरलं. भीती ओसरली की दंडही मागे जातो. सक्ती चालते हे दिसतंच आहे. पण ज्या रुग्णालयाने लस फुकट दिली नाही, वॉर्डापर्यंत आणली नाही, त्याने सक्तीची भाषा करणं मला तरी निर्लज्जपणाचं वाटतं.

आपल्यातले एक काका एका रुग्णालयाच्या समितीवर आहेत. काका, वाचत असाल तर पुढची मीटिंग एप्रिलच्या आत घ्या, कारण लशीचा असर यायला दोन आठवडे लागतात आणि आपल्याकडे पावसाबरोबर फ्लू येतो. ट्रॉली वॉर्डात फिरू दे, रात्रपाळीतसुद्धा. एक दिवस ताप आला तर रजा कापू नका. पहिलं इंजेक्शन विभागप्रमुखांना द्या, सगळ्या स्टाफसमोर. आणि यादी करताना आयांची नावं आधी लिहा.