डेटा सेंटर दारात आलंय, सही करण्याआधी मुळशी आठवूया

पुण्याच्या पश्चिमेला हिंजवडी-माण पट्ट्यात जमिनीच्या दरांची चर्चा पुन्हा रंगली आहे. या वेळचं कारण आहे डेटा सेंटर. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवडमध्ये सुमारे २५ एकर जमीन ३२९ कोटींच्या आसपास घेतली. २०२४ मध्ये हिंजवडीत सुमारे १६ एकर ५२० कोटींच्या आसपास घेतली. हे व्यवहार कंपन्या-कंपन्यांमधले होते. पण असे आकडे कानावर आले की आसपासच्या गावांत एजंटांच्या फेऱ्या वाढतात, हे आपल्याला नवीन नाही.

आपली मुलं मोबाईलवर एआयला प्रश्न विचारतात, उत्तर क्षणात येतं. ते उत्तर तयार होतं हजारो यंत्रांनी भरलेल्या इमारतीत. ही यंत्रं रात्रंदिवस चालतात आणि प्रचंड तापतात. म्हणून डेटा सेंटरला दोन गोष्टी लागतात: अखंड वीज आणि थंडावा. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातली सुमारे दीड टक्का वीज डेटा सेंटरांनी वापरली आणि २०३० पर्यंत हा वापर दुपटीहून जास्त होईल.

आता पाण्याचा हिशेब करू. पाण्याची वाफ करून थंड ठेवण्याच्या पद्धतीत १ मेगावॅटच्या केंद्राला वर्षाला अडीच कोटी लिटरपर्यंत पाणी लागू शकतं, असा अंदाज दिला जातो. म्हणजे दिवसाला सुमारे ७० हजार लिटर. जलजीवन मिशनचं माप माणशी ५५ लिटर आहे. म्हणजे हे पाणी साधारण १,२५० माणसांचं झालं. आणि मोठी केंद्रं १ मेगावॅटची नसतात, दहापट, शंभरपट मोठी असतात.

दुसरी बाजूही सांगायला हवी. तेच पाणी बंद नळ्यांतून पुन्हा पुन्हा फिरवण्याचं तंत्र आलं आहे, त्यात पाणी फार कमी लागतं, पण वीज जास्त लागू शकते. सांडपाणी शुद्ध करूनही वापरता येतं. म्हणजे नुकसान अटळ नाही. कोणती पद्धत वापरणार हे आधी ठरवता येतं, मात्र त्यासाठी आधी विचारावं लागतं. चिलीमध्ये सँटियागोजवळच्या सेरिलोस भागातल्या लोकांनी गुगलच्या केंद्राला पाण्यावरून विरोध केला. २०२४ मध्ये न्यायालयाने परवानगीचा फेरविचार करायला लावला आणि कंपनीने हवेवर थंड होणाऱ्या पद्धतीकडे वळायचं ठरवलं.

आपल्याकडे अडचण अशी की डेटा सेंटरला पर्यावरण परवानगी साधारणपणे मोठं बांधकाम म्हणून मिळते आणि बांधकामांना जनसुनावणी लागत नाही. गावाला कोणी विचारायला येईल, या भरवशावर बसून चालणार नाही.

न विचारता काय होतं, ते याच तालुक्याने पाहिलं आहे. हिंजवडी आणि माण मुळशी तालुक्यात येतात. १९२१ मध्ये मुंबईच्या विजेसाठी टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध मुळशीच्या मावळ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापटांनी त्याचं नेतृत्व केलं. अनेक जमिनी कागदावर पुण्याच्या सावकारांकडे होत्या. सावकार मोबदल्याला राजी झाले, कसणारे लढत राहिले आणि शेवटी हरले. गावं पाण्याखाली गेली, वीज मुंबईला गेली. पुढे शेजारच्या मावळात पवना धरणाचं पाणी बंद पाइपलाइनने पिंपरी-चिंचवडला नेण्याला विरोध झाला. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर इथे पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले.

आपल्या समाजासाठी याहून जवळचा धडा माणमध्येच आहे. तिथल्या ताबूत इनाम एंडोमेंट ट्रस्टची सुमारे साडेआठ हेक्टर वक्फ जमीन आयटी पार्कसाठी संपादित झाली. सात कोटींहून जास्त मोबदला खोट्या कागदपत्रांच्या आधारे परस्पर उचलला गेला, असा आरोप आहे. २०२१ मध्ये त्यावर गुन्हा दाखल झाला, ईडीनेही चौकशी केली. जमीन घेणारं सरकार होतं, पण आरोप अमानतीत खयानत करणाऱ्यांवर आहे. १९२१ असो वा आयटी पार्क, कागदावर नाव एकाचं आणि हक्क दुसऱ्याचा, तिथेच घात होतो.

गावातली आपली घरं बहुधा थोडी असतात, जमीनही थोडी, कधी नुसती घरापुरती. म्हणून दर विचारण्याआधी घरातलं काम उरकून घेऊया. सातबारा काढून बघा. वालिदांच्या इंतकालनंतर वारसनोंद झाली आहे का? बहिणींची नावं लागली आहेत का, की त्यांच्याकडून घाईत हक्कसोड लिहून घेतलं जातंय? मशीद, कब्रस्तान, दर्ग्याची जमीन वक्फ मंडळाकडे नोंदलेली आहे का?

मग ग्रामसभेत जाऊया. त्याआधी महिलांची सभा होते, तिथे आपल्या मायबहिणींनी आवर्जून बसावं, कारण टँकरची वाट त्याच बघतात. तिथे लेखी विचारूया: पाणी कुठून आणि रोज किती घेणार? उन्हाळ्यात टंचाई आली तर आधी कोणाचा नळ बंद होणार? जनरेटरचा आवाज आणि धूर वस्तीपासून किती लांब? बांधकाम संपल्यावर कायमच्या नोकऱ्या किती? बांधकामात शेकडो हात लागतात, नंतर फार थोडे. म्हणून आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन आणि रेफ्रिजरेशनच्या मुला-मुलींना प्रशिक्षण आणि जागा किती, हेही ठरावात लिहून घ्यावं.

आम्ही डेटा सेंटरच्या विरोधात नाही. आपल्याच मुलांना उद्या तिथे काम करायचं आहे. पण जमीन एकदाच विकली जाते, पाणी मात्र रोज लागतं. जमिनीचा भाव एजंट सांगेल. पाण्याचं उत्तर मागायचं काम आपलं आहे, आणि तेही सहीच्या आधी.