रद्दी कोणती आणि दप्तर कोणतें?

विद्यापीठांच्या शेतकी-प्रसाराचीं जुनीं दप्तरें म्हणजे शुद्ध रद्दी, असें मानणारे कांहीं विद्वान् आढळतात. किती डुकरांना लस टोंचली, किती बरण्या फळें टिकविलीं, किती सभा भरल्या, यांत वाचण्यासारखें तें काय? निवडक पत्रें राखावीं आणि बाकीचे तक्ते खुशाल जाळावे! हा सल्ला वरवर शहाणपणाचा दिसतो. परंतु इतिहास शिकविण्यांत जन्म घालविलेल्या आम्हांस तो घातक वाटतो.

अमेरिकेंतील अलाबामा संस्थानाचेंच उदाहरण घ्या. तेथें टस्केगीच्या कृष्णवर्णीयांच्या संस्थेनें १९०६ सालींच शेतकीचें ज्ञान देणारी ‘जेसप गाडी’ खेडोपाडीं फिरविली, आणि त्याच वर्षीं थॉमस कॅम्बेल यांची त्या कामावर नेमणूक झाली. पुढें १९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्यानें या कार्याला मध्यवर्ती सरकारचा पैसा मिळूं लागला. पण त्याची किल्ली गेली ऑबर्न येथील गोऱ्यांच्या महाविद्यालयाच्या कमरेला! काउंटी म्हणजे तेथील लहानसा जिल्हा. त्या त्या काउंटींत नेमलेले एजंट दरसाल आंकड्यांचा व हकीकतीचा असे अहवाल वर पाठवीत. परंतु गोऱ्यांची व्यवस्था निराळी, कृष्णवर्णीयांची निराळी.

या निराळेपणाचा पुरावा समारंभांतील भाषणांत मिळावयाचा नाहीं. भाषणांत सर्व शेतकरी समानच असतात. १९७१ सालीं संघराज्याच्या न्यायालयानें अलाबामाच्या या सेवेंत वर्णभेद झाल्याचा निर्णय दिला. असे निर्णय नुसत्या आठवणींवर उभे राहत नाहींत. हुद्दा कोणता, पगार किती, नेमणूक केव्हां, हें सांगावयास तो नीरस कागदच लागतो.

एजंट स्वतःची नोकरी टिकविण्यासाठीं कामाची बढाई मारीत असेल, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. शेतकऱ्याचा स्वतःचा शब्द तेथें क्वचितच सांपडतो, हेंहि खरें. परंतु खोट्या जमाखर्चाची वही कोणी जाळीत नाहीं. ती तपासावयाची असते. आंकड्यांशेजारीं हकीकत ठेवावी, एका कचेरीच्या अहवालाशेजारीं दुसरीचा ठेवावा, म्हणजे लपविलेलें आपोआप बोलूं लागतें. त्यांतील एक कागद गेला कीं दुसरा मुका होतो.

आणि ‘निवडक’ म्हणजे कोणीं निवडलेलें? बहुधा त्याच संस्थेनें, जिच्या वर्तनाचा हा पुरावा आहे! आरोपीच्याच हातीं पुरावा चाळावयास देण्याला न्याय म्हणत नाहींत. मग त्याला इतिहास तरी कां म्हणावें?