वस्तीला हवी संध्याकाळची ओपीडी

सिंहस्थ तोंडावर आला आहे. २०२७ मध्ये नाशिक आणि त्र्यंबकेश्वरला भाविकांची रीघ लागेल आणि त्यांच्यासाठी नेत्रतपासणीची शिबिरे भरवायला संस्था, क्लब, कंपन्या पुढे येतील. प्रयागराजला २०१९ च्या कुंभात ‘सक्षम’ने नेत्रकुंभ भरवला होता, गोदाकाठीही तसा प्रयत्न होईल असे धरून चालायला हरकत नाही. यात्रेकरूंची सेवा जरूर व्हावी. मात्र त्या निमित्ताने शहरात यंत्रे येतील, निधी उभा राहील, स्वयंसेवक तयार होतील. मेळा उठल्यावर त्यातले किती फुलेनगरात, वडाळागावात, गोसावीवाडीत मागे राहणार, याचा विचार आपण नेत्रतज्ज्ञांनी, ऑप्टोमेट्रिस्टनी आणि चष्म्याच्या व्यावसायिकांनी आत्ताच करायला हवा.

कारण या वस्त्यांची अडचण शिबिराने सुटणारी नाही. नाशिकमध्ये डोळ्यांच्या दवाखान्यांची वानवा नाही. जिल्हा रुग्णालय आहे, महापालिकेची बिटको आणि झाकिर हुसेन रुग्णालये आहेत, खासगी नेत्ररुग्णालये तर प्रत्येक मोठ्या रस्त्यावर आहेत. तरीही वस्तीतला माणूस मोतीबिंदू पूर्ण पिकल्यावरच आपल्यापर्यंत पोहोचतो. खेड्यात दवाखान्याचे अंतर किलोमीटरमध्ये मोजतात. शहरात ते हजेरीत मोजावे लागते. अंबडच्या कारखान्यात कंत्राटावर असलेल्या कामगाराला सकाळची ओपीडी गाठायची म्हणजे खाडा. त्या दिवशी बाहुली मोठी करण्याचे ड्रॉप घातले की संध्याकाळपर्यंत मशीनवर उभे राहता येत नाही. चष्म्याची ऑर्डर द्यायला दुसरी खेप, चष्मा आणायला तिसरी. तपासणी फुकट असली तरी त्याचे दोन-तीन दिवसांचे पैसे गेलेलेच असतात. धुणी-भांडी करणाऱ्या बाईचे तर चार घरचे काम बुडते, आणि घरात डोळे दाखवायची पाळी तिची सगळ्यांत शेवटी येते.

शिबिरांच्या मर्यादेविषयी आपल्याकडे बोलणे टाळले जाते, कारण शिबिरांमागे खरी कळकळ असते. पण पुरावा जुना आणि स्पष्ट आहे. मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयाने शिबिरे ज्या शिस्तीने भरवली तशी देशात क्वचितच कोणी भरवली असतील. त्यांच्याच परिसरातल्या गावांमध्ये झालेला एक अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. डोळ्यांचा त्रास असलेल्या प्रौढांपैकी शिबिरात आलेले लोक ७ टक्क्यांपेक्षाही कमी निघाले. अरविंदने हा आकडा मनावर घेतला. गावोगावी कायमची व्हिजन सेंटर्स उघडली, तिथे प्रशिक्षित तंत्रज्ञ बसवले आणि मोठ्या रुग्णालयातला डॉक्टर पडद्यावरून जोडून दिला. १९७६ मध्ये ११ खाटांवर काम सुरू करणाऱ्या डॉ. जी. वेंकटस्वामींच्या या संस्थेकडून आपण शस्त्रक्रियेचा वेग शिकलो, पैसे देणाऱ्या रुग्णांच्या बळावर न देणाऱ्यांची शस्त्रक्रिया करण्याचे गणित शिकलो. रोज उघडणाऱ्या छोट्या केंद्राचा धडा मात्र महाराष्ट्रातल्या शहरांनी अजून पुरता घेतलेला नाही.

असे केंद्र वस्तीत उघडले तर पहिला रुग्ण कोणता येईल? आमच्या मते मोतीबिंदूचा नव्हे. चाळिशी ओलांडलेली, सुई ओवता न येणारी बाई येईल. घरी फॉल-पिको करणारी, बिड्या वळणारी, मणी ओवणारी. सराफ बाजारातला कारागीर येईल. सातपूरच्या वर्कशॉपमध्ये व्हर्नियरवरच्या बारीक रेघा आता धूसर दिसतात म्हणून घाबरलेला फिटर येईल. या माणसांना लांबचे उत्तम दिसते. त्यामुळे ६/६ वाचून ती आपल्या बहुतेक तपासणी मोहिमांतून ‘नॉर्मल’ म्हणून बाहेर पडतात. जवळचा नंबर काढणे हे आपल्या व्यवसायात कमी प्रतीचे काम मानले गेले. ही आपली मोठी चूक आहे, आणि तिची किंमत कष्टकऱ्यांनी चुकवली आहे.

आसामच्या चहाच्या मळ्यांत चाळिशीपुढच्या कामगारांना जवळचा चष्मा देऊन केलेला अभ्यास २०१८ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आला. चष्मा मिळालेल्यांची पाने खुडण्याची उत्पादकता चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत सुमारे २२ टक्क्यांनी वाढली. बांगलादेशातल्या ग्रामीण कारागीर-मजुरांवरच्या, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चष्म्यामुळे उत्पन्न ३३ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. इतक्या कमी पैशात एवढी मिळकत वाढवणारे दुसरे साधन आमच्या पाहण्यात नाही. शिवाय चष्म्यासाठी आलेली ती बाई एकदा खुर्चीत बसली की तिच्या डोळ्याचा दाब पाहता येतो, फंडसचा फोटो काढता येतो, साखर कधी तपासली ते विचारता येते. काचबिंदू आणि मधुमेहाचा पडदा दुखत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी कोणी आपणहून येत नाही, चष्म्यासाठी येतात. धारावीत आदित्य ज्योत संस्थेने केलेल्या अभ्यासात मधुमेहींपैकी सुमारे १५ टक्क्यांच्या पडद्यावर मधुमेहाचा परिणाम आढळला होता. नाशिकच्या वस्त्यांत साखरेच्या गोळ्या घेणाऱ्या कितीजणांचा पडदा आजवर कोणी पाहिला असेल, याचा अंदाज आपल्यापैकी प्रत्येकाला आपल्या ओपीडीवरून करता येईल.

आता पैशाचे. देणगीवर उघडलेले केंद्र देणगी आटली की बंद पडते आणि वस्तीचा विश्वास तुटतो. तो पुन्हा जोडायला फार वेळ लागतो. म्हणून केंद्राने आपला रोजचा खर्च स्वतः भागवलाच पाहिजे, आणि ते चष्म्यावर शक्य आहे. ढोबळ हिशेब मांडू. गाळ्याचे भाडे ८ हजार, ऑप्टोमेट्रिस्टचा पगार २० हजार, वस्तीतल्याच एका सहायक मुलीचा १० हजार, वीज, इंटरनेट आणि किरकोळ ७ हजार; महिन्याला ४५ हजार. रोज ३० रुग्ण, प्रत्येकी २० रुपये केसपेपर, महिन्याचे २५ दिवस धरले तर १५ हजार जमतात. उरलेल्या ३० हजारांसाठी चष्म्यामागे १५० रुपये सुटले तरी २०० चष्मे लागतात, म्हणजे दिवसाला ८. तीस रुग्णांमागे आठ चष्मे हे वस्तीत अवघड नाही. पगार-भाडे कमी-जास्त होईल, पहिले वर्ष-दोन वर्षे तूट येईल, यंत्रांचा खर्च वेगळा उभारावा लागेल. तो उभारण्यासाठीच देणगीदार हवेत. स्लिट लॅम्प, टोनोमीटर, फंडस कॅमेरा त्यांनी द्यावा. पगारासाठी त्यांच्याकडे हात पसरायची वेळ येऊ नये. सप्टेंबर २०२५ पासून दृष्टिदोषाच्या चष्म्यांवरचा जीएसटी ५ टक्क्यांवर आला, त्याचाही थोडा हातभार लागेल.

चष्मा अगदी फुकट देऊ नये, असे आमचे मत आहे. ज्याला खरोखर परवडत नाही त्याला जरूर द्यावा, पण इतरांना चार फ्रेमींतून निवडू द्यावे आणि पैसे घ्यावेत. बाईला आवडलेली फ्रेम ती वापरते. सरसकट वाटलेला काळा जाड चष्मा फडताळात जातो. वाटलेल्या चष्म्यांचे फोटो सगळ्यांकडे असतात. सहा महिन्यांनी त्यातले किती नाकावर होते, हे सहसा कोणी पाहायला गेलेले नसते.

आणि वेळ. केंद्र दुपारी दोनपर्यंत उघडे ठेवायचे असेल तर ते न उघडलेलेच बरे. राज्य सरकारने १ मे २०२३ पासून ‘आपला दवाखाना’ राज्यभर सुरू केला तेव्हा त्याची वेळ दुपारी २ ते रात्री १० ठरवली, आणि महिन्यातून ठरलेल्या दिवशी नेत्रतपासणी हीसुद्धा त्याच्या सेवांत धरली. ही चांगली पायवाट आहे. शहरातल्या नेत्रतज्ज्ञांच्या संघटनेने महापालिकेपुढे लेखी प्रस्ताव ठेवावा: महिन्याचा एक दिवस आठवड्याचा एक दिवस करू, ऑप्टोमेट्रिस्ट आम्ही देऊ, शंका आल्यास रुग्णालयातून फोटो पाहून सल्ला आम्ही देऊ. आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय याच शहरात आहे. ऑप्टोमेट्री शिकणाऱ्या मुलांची काही आठवड्यांची नेमणूक वस्तीतल्या केंद्रात व्हावी, यासाठी विद्यापीठाशी बोलणे आपल्याला कठीण नाही.

बुबुळाच्या जखमांविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण औद्योगिक शहरात हा प्रश्न मोठा आणि उपाय फार सोपा आहे. ग्राइंडिंग करताना कण उडतो, शेजारचा कामगार रुमालाच्या टोकाने तो काढतो, संध्याकाळी मेडिकलमधून कुठले तरी ड्रॉप आणले जातात, आणि त्यात स्टेरॉइड असले तर साधी खरचटलेली जखम अल्सरपर्यंत जाते. नेपाळमधल्या भक्तपूरचा अभ्यास आपल्यातल्या अनेकांनी विद्यार्थिदशेत वाचला असेल. गावातल्या आरोग्यसेवकांनी बुबुळ खरचटलेल्यांना १ टक्का क्लोरॅम्फेनिकॉलचे मलम दिवसातून तीनदा, तीन दिवस घातले. जखमेनंतर १८ तासांच्या आत उपचार सुरू झालेल्या २८४ जणांपैकी एकालाही अल्सर झाला नाही. २४ ते ४८ तासांदरम्यान आलेल्या ४९ जणांत १४ जणांना संसर्ग झाला. हे २००१ मध्ये छापून आले. काही रुपयांचे मलम आणि शिकवलेली बाई, एवढ्यावर डोळा वाचतो. सातपूर-अंबडच्या आजूबाजूच्या वस्त्यांतल्या आशाताईंना हे शिकवायला एक दुपार पुरे. डोळ्यात रुतलेला कण त्यांनी काढायचा नाही, लाल डोळा कमी न झाल्यास दुसऱ्या दिवशी केंद्रात पाठवायचे, आणि घरात स्टेरॉइडचे ड्रॉप दिसले तर थांबवायला न सांगता थेट डॉक्टरकडे न्यायचे, एवढे नियम पाळले की झाले.

या कल्पनेला विरोध होतो तो आपल्याच लोकांतून. आपला धंदा बसेल अशी भीती छोट्या चष्मावाल्याला वाटते, आणि तरुण नेत्रतज्ज्ञाला स्वस्त केंद्रामुळे आपली ओपीडी रोडावेल असे वाटते. चष्मावाल्याची भीती खरी आहे, म्हणून वस्तीजवळच्या दुकानदारालाच काचा बसवण्याचे काम द्यावे, तो केंद्राचा भागीदार व्हावा. तरुण डॉक्टरांना आम्ही एवढेच सांगू की केंद्रात येणारा माणूस आज कोणाच्याच ओपीडीत नाही. तिथून पाठवलेला मोतीबिंदू, काचबिंदू, पडद्याचा रुग्ण शेवटी तुमच्याच दारात येणार आहे, आणि वेळेवर येणार आहे.

मोजायचे काय, हेही बदलायला हवे. जागतिक आरोग्य सभेने २०२१ मध्ये २०३० साठी जी उद्दिष्टे मान्य केली ती परिणामकारक व्याप्तीची आहेत: शस्त्रक्रिया झाली एवढ्यावर ती मोजली जात नाही, नंतर चांगले दिसले तरच मोजली जाते, चष्म्याचेही तसेच. आपले वार्षिक अहवाल अजून ‘तपासलेले’ आणि ‘वाटलेले’ यांवरच संपतात.

पुढच्या अंकापासून या मासिकात दोन पाने वस्तीतल्या केंद्रांसाठी राखून ठेवत आहोत. नाशिक, मालेगाव, येवला किंवा राज्यातल्या कुठल्याही शहरात असे केंद्र चालवणाऱ्यांनी आम्हाला महिन्याचा जमाखर्च, विकलेल्या चष्म्यांपैकी सहा महिन्यांनी वापरात असलेले चष्मे, पुढे पाठवलेल्या रुग्णांपैकी प्रत्यक्ष रुग्णालयात पोहोचलेले रुग्ण आणि केंद्राची वेळ एवढे कळवावे. तोट्यातल्या केंद्रांचे हिशेब आधी छापू, कारण नवे केंद्र काढणाऱ्याला त्यांचाच उपयोग जास्त होईल.