खोके आधी, सूत्र मागून

मुलांनो,

पृष्ठफळाचे सूत्र म्हणा म्हटलं की सातवीचा वर्ग एका सुरात म्हणतो. पण रिकामी काडीपेटी पुढे ठेवून "हिच्या टोपणाला पुठ्ठा किती लागला?" असं विचारलं, की सगळे आढ्याकडे बघतात. इष्टिका म्हणजे साधी वीट, हेही कित्येकांना ठाऊक नसते. म्हणून माझे स्पष्ट मत आहे, की सूत्र फळ्यावर येण्याआधी खोके उलगडून बघावे.

हे मत मला फुकट मिळालेले नाही. पूर्वी एका गावी असताना वर्गखोली रंगवायची होती. पालकांनी वर्गणी काढली. खोली 6 मीटर लांब, 5 मीटर रुंद, 3 मीटर उंच. मी ऐटीत सूत्र घातले : 2 × (6 × 5 + 5 × 3 + 6 × 3), म्हणजे 126 चौरस मीटर. तेवढा रंग आणला. रंगारी हिशेब बघून म्हणाला, "गुरुजी, जमीनपण रंगवायची का? अन् वर तर चुना मारलाय!"

रंगवायच्या होत्या फक्त चार भिंती. 2 × (6 + 5) × 3 = 66. त्यातून दार-खिडक्यांचे 4 गेले, उरले 62. निम्म्याहून जास्त रंग उरला! सूत्र बरोबर, गुणाकार बरोबर, चुकलो मी. वर्गणी देणाऱ्यांत रोजाने जाणारी माणसे होती. त्यांच्यापुढून जाताना मान वर होईना.

आता काडीपेटी घ्या. आमच्याकडची मोजली, ती 5 सेंमी लांब, 3.5 रुंद, 1.5 जाड. बाहेरचे टोपण दोन्ही टोकांना उघडे, म्हणजे पृष्ठे चारच. ते सांध्यावर सोडवा, एक लांब पट्टी होते. पट्टीची एक बाजू 3.5 + 1.5 + 3.5 + 1.5 = 10, दुसरी 5. क्षेत्रफळ 50 चौ. सेंमी (चिकटवायची कड सोडून). भिंतींचे सूत्र म्हणजे हीच पट्टी, उभी केलेली! आतल्या खणाला पृष्ठे पाच, त्याचे 43 येतात. सहा पृष्ठांचे सूत्र लावाल तर 60.5, म्हणजे दोन्हींकडे चूक.

काही जण म्हणतील, परीक्षेत खोके फाडायला वेळ कुठला? परीक्षेत नको, घरी फाडा.

सोमवारी प्रत्येकाने एक रिकामे खोके आणावे. साबणाचे, चहाचे, कसलेही चालेल. काड्या भरलेली पेटी मात्र कोणी उचलून आणू नये, घरी चूल खोळंबेल.

— तुमचे गुरुजी